पाळी जाण्याचं वय आणि उडालेली झोप

आजचा विषय बियाण्याचा नाही, खताचा नाही, तरी वावराचाच आहे. आपल्या झरी जामणी तालुक्यात कोणत्या तासात तूर लावली, युरिया कोणत्या धुऱ्यापर्यंत पडला, वेचणीच्या कोणत्या बाईचे किती दिवस भरले, बचत गटाचा हप्ता कोणत्या तारखेला, हे सारं बहुतेक घरी वहीत लिहिलेलं नसतं. ते घरच्या बाईच्या डोक्यात असतं. सातबारा धन्याच्या नावावर, पण शेतीची आठवण तिच्याकडे.

मग एखाद्या वर्षी हीच बाई विसरायला लागते. चुलीवर डाळ ठेवून विहिरीवर जाते, एकीला दोनदा मजुरी देते, ओळखीच्या माणसाचं नाव तोंडावर येत नाही. रात्री दोन वाजता घामाघूम होऊन उठते, पदरानं वारा घेत अंगणात बसते. घरात बोलणं सुरू होतं, "इचं ध्यान कुठं असते?" कोणी म्हणतं येड लागलं, कोणी म्हणतं बाहेरचं काही झालं. अंगारा होतो, धागा होतो. तिचं वय मात्र कोणी विचारत नाही. ते आधी विचारा. चाळीस ते पन्नासच्या मध्ये असेल आणि पाळी मागे-पुढे होत असेल, तर उत्तर बहुतेक तिथंच सापडतं.

आपल्या देशात पाळी कायमची बंद होण्याचं सरासरी वय ४६-४७ वर्षांचं धरतात. बारा महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली, असं डॉक्टर मानतात. पण त्याआधीची तीन-चार वर्षं, कधी त्याहून जास्त, शरीरात उलथापालथ चालू असते. बीजकोशातून तयार होणारी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं या काळात कमी होतात, आणि तीही सरळ उतारानं नाही. आज जास्त, उद्या कमी. अंगाची उष्णता सांभाळणारं केंद्र मेंदूत असतं. इस्ट्रोजेन असं डळमळलं की ते केंद्र हळवं होतं. व्होल्टेज थोडं खाली-वर झालं तरी मोटारीचा स्टार्टर पडतो ना, तसंच समजा. अंग जरासं तापलं की मेंदू घाबरून घाम सोडतो, छातीपासून तोंडापर्यंत वाफा निघतात आणि झोप मोडते. प्रोजेस्टेरॉन झोपेला मदत करतं, तेही घटलेलं असतं. त्यात आपल्याकडचा उन्हाळा, पत्र्याचं घर, रात्री गेलेली लाइन. धनी रानडुकरांच्या जागलीवर गेला तर तो दुपारी तास-दोन तास आडवा होतो. तिला पहाटे चारला उठून चूल पेटवावी लागते, तिची झोप कोण भरून देणार?

आता विसरण्याचं. झोपेत मेंदू दिवसभराच्या गोष्टी जागच्या जागी लावतो. झोपच तुटक असेल तर ते काम अर्धवट राहतं. शिवाय आठवण साठवणाऱ्या मेंदूच्या भागाला इस्ट्रोजेनचाही आधार असतो. अमेरिकेत २,३६२ स्त्रियांची चार वर्षं पुन्हा पुन्हा चाचणी घेतली होती, त्याचा निष्कर्ष २००९ साली आला. पाळी जाण्याच्या धामधुमीच्या काळात नवं शिकण्याचा वेग मंदावतो, आणि पाळी गेल्यावर तो पूर्ववत होतो, असं त्यात दिसलं. म्हणजे ही बुद्धी गेल्याची खूण नाही. हा काळ बहुतेकींच्या बाबतीत निघून जातो. हे वाक्य घरात मोठ्यानं वाचून दाखवा, कारण तिला स्वतःलाही आपण वेड्या होतोय अशी भीती असते आणि ती ते बोलत नाही.

तरीही सारं पाळीवर ढकलू नका. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळलं. पाळी जाताना अंगावरून जास्त जातं, त्यानं रक्त आणखी घटतं, आणि थकवा-विसर वाढतो. थायरॉईड बिघडला तरी अशीच लक्षणं दिसतात. रक्ताच्या साध्या तपासणीत हे कळतं.

आणि एक गोष्ट कडक शब्दांत सांगायला पाहिजे. "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल" हा सल्ला गावोगाव फिरतो. बीड जिल्ह्यात काय झालं ते आठवा. ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांवर स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं हे समोर आणलं. खाडा पडला की मजुरी कापली जाते, म्हणून पाळीच नको, असा तो हिशोब. आपल्या कापूस वेचणाऱ्या बायांचा हिशोब काही फार वेगळा नाही. पिशवीसोबत बीजकोशही काढले तर जो बदल काही वर्षांत व्हायचा तो एका दिवसात होतो. वाफा, झोप, विसर सारं एकदम अंगावर येतं. कमी वयात बीजकोश काढलेल्या बायांना पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त, हेही अभ्यासात दिसलं आहे. बीजकोश ठेवले तरी पाळी जाण्याचा काळ लवकर येऊ शकतो. कॅन्सर किंवा तसंच मोठं कारण असेल तर शस्त्रक्रिया करावीच लागते. पण एका डॉक्टरच्या सांगण्यावर शेत गहाण ठेवू नका, यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दुसरं मत घ्या. आणि पाळी गेल्यावर वर्षभरानं पुन्हा रक्त दिसलं, तर मात्र एक दिवसही थांबू नका.

वाफा आणि झोपेवर औषधं आहेत, पण ती डॉक्टरनं तपासून द्यायची. मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या आणू नका. रात्रीचा चहा आणि खर्रा बंद केला तरी फरक पडतो. खर्रा बायाही खातात, हे आपल्याला ठाऊक आहे.

फवारणीचं तर वेगळंच सांगतो. २०१७ च्या खरिपात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली. पाणी आणून औषध कालवणारी पुष्कळदा घरची बाईच असते. रात्र जागून काढलेल्या बाईला माप मोजायला लावू नका. कोणत्या दिवशी कोणतं औषध, किती पंप, हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, आणि ते धन्यानं लिहावं. मजुरीचे दिवस पण तिथंच.

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या मंडळींना एक विनंती. कोलाम पोडावरच्या बाईला डॉक्टरसमोर मराठीत हे सांगता येत नाही, म्हणून कोलामी बोलणारी आशाताई किंवा शेजारीण तिच्यासोबत पाठवा. महिला ग्रामसभेत हा विषय घ्या, आरोग्य सेविकेला बोलवा. आणि ती सभा वेचणीच्या दिवसांत भर दुपारी ठेवू नका, बाया वावरातून येणार नाहीत.