चाकू विकत मिळतो, तालीम मिळत नाही

गेल्या ईदच्या दुसऱ्या दिवशी माझ्या मामेभावाच्या हाताला सहा टाके पडले. कुणी हल्ला केला नव्हता. ऑनलाइन मागवलेली करंबित त्याने खोक्यातून काढली, कडीत बोट अडकवलं आणि काउंटर-स्ट्राइकमध्ये दिसते तशी फिरवायला गेला. मुमानी धावत आल्या तेव्हा फरशीवर रक्त होतं. दवाखान्यातून परतताना मी विचारलं, "घेतलीस कशाला?" तो म्हणाला, "भाई, रात्री शिफ्टवरून एकटा येतो. भीती वाटते."

ही भीती मला परकी नाही. नाव ऐकल्यावर सूर बदलणारी माणसं मलाही भेटली आहेत. म्हणून मी त्याला हसलो नाही. पण शिकल्याशिवाय खिशात ठेवलेला चाकू हे त्या भीतीवरचं औषध नव्हे.

करंबित म्हणजे इंडोनेशिया-मलेशियाकडचं, विळ्यासारखं वाकडं पातं. ज्या सिलाट विद्येत ती वापरतात, तिला २०१९ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली. तिथे आधी पवित्रा, पावलं आणि तोल शिकतात. हत्यार नंतर येतं, आणि सरावाला लाकडी किंवा बोथट असतं. आपल्या मर्दानी खेळातही पट्ट्याआधी लाठी हातात देतात. त्याला कारण आहे. कडीमुळे चाकू हातातून निसटत नाही, पण झटापटीत कडी अडकली तर बोटही सुटत नाही. पातं वाकडं, म्हणून हात चुकला की आपलंच मनगट कापलं जातं. शिवाय माणूस घाबरला की हात थरथरतात, बोटांची बारीक कामं जमत नाहीत. तेव्हा व्हिडिओत पाहिलेलं आठवत नाही, महिनोन्‌महिने घोटलेलंच हाताला आठवतं. आम्ही तपासणी न केलेला कोड ग्राहकाच्या सिस्टिमवर चढवत नाही. तिथली चूक निदान मागे घेता येते.

कायद्याचंही नीट समजून घ्या. शस्त्र कायद्याच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा उल्लेख आहे. "आपलं तर छोटं आहे" म्हणून निर्धास्त राहू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असेल, तर छोटा चाकूही महागात पडतो. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेने दिला आहे, पण बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करण्याचा नाही. किती पुरे आणि कुठे थांबायचं, हे भांडणाच्या त्या दोन सेकंदांत ठरवता येण्यासाठीच तालीम लागते. आणि झडतीत आपल्या पोराच्या बॅगेत चाकू सापडला, तर "भीती वाटते" एवढं उत्तर पुरेल असं तुम्हाला खरंच वाटतं का?

चांगला उस्ताद पहिला धडा देतो तो निघून जाण्याचा. माझा भाऊ आता वर्गाला जातो. चार महिने झाले, अजून हातात लाकडीच पातं आहे. रात्री तो दोन सहकाऱ्यांबरोबर निघतो, फोनवर ११२ हाताशी असतो. खरी करंबित मुमानींच्या कपाटात कुलपात आहे.

मोहल्ल्यात आपण अभ्यासिका चालवतो, रक्तदान शिबिरं भरवतो. मग आठवड्यातून दोन संध्याकाळी जाणत्या उस्तादाच्या हाताखाली स्वसंरक्षणाचा वर्ग का नको? मुलींसाठीही. भीती घेऊन एकट्याने चाकू मागवणाऱ्या पोराला, दहा जणांबरोबर घाम गाळायला जागा मिळाली पाहिजे.