भात सोडण्यापूर्वीचा हिशेब

१९७२ हे साल माझ्या आईवडिलांच्या पिढीस विसरता येत नाही. त्या वर्षी महाराष्ट्र दुष्काळात होरपळत होता. खडी फोडण्याच्या कामावर राबणाऱ्या माणसांना सुकडी वाटली जात होती आणि रेशनच्या दुकानापुढे परदेशातून आलेल्या लाल मिलोसाठी रांगा लागत होत्या. भाकरी कशाची, हा प्रश्न नव्हता. भाकरी मिळेल की नाही, हा होता. नेमक्या त्याच वर्षी अमेरिकेत डॉ. रॉबर्ट ॲटकिन्स यांचे आहारविषयक पुस्तक प्रसिद्ध झाले व हातोहात खपले. वजन उतरवायचे असेल तर पाव, बटाटा आणि साखर यांच्याकडे पाठ फिरवा, हे त्या पुस्तकाचे सार होते. एका समाजास धान्य मिळत नव्हते आणि दुसऱ्यास ते नकोसे झाले होते.

पन्नास वर्षांनंतर हे दोन्ही समाज आपल्याच गावात, कित्येकदा एकाच वाड्यात, शेजारी शेजारी राहताना दिसतात. महाविद्यालयाच्या अध्यापक कक्षात मधल्या सुट्टीत डबे उघडतात तेव्हा पोळी कोणी सोडली आणि भात कोणी, याचीच चर्चा अधिक होते. तिला कारणही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) देशातील २०.६ टक्के स्त्रिया आणि १८.९ टक्के पुरुष प्रमाणाबाहेर वजनाचे आढळले होते. पाचव्या फेरीत (२०१९-२१) हे प्रमाण अनुक्रमे २४.० आणि २२.९ टक्क्यांवर गेले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशातील मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर असल्याचे सांगितले. त्याच पाहणीवर आधारलेला २०२५ चा अभ्यास सांगतो की, भारतीय माणसाच्या आहारातील सुमारे ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून आणि साखरेतून येतात, तर प्रथिनांतून जेमतेम १२ टक्के. तेव्हा पिष्ट कमी करा, हा सल्ला निराधार आहे, असे कोणासही म्हणता येणार नाही. प्रश्न निराळा आहे: तो सल्ला कोणत्या प्रमाणात स्वीकारावा आणि किती वर्षे पाळता येईल?

प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे, अर्थशास्त्राचा अध्यापक आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे. या विषयात त्याचा अधिकार असेल तर तो एका अयशस्वी प्रयोगापुरता. काही वर्षांपूर्वी एका आहारसल्लागाराच्या सांगण्यावरून मी पोळी, भात, फळे, डाळ यांचा जवळजवळ संपूर्ण त्याग केला. तीन महिन्यांत नऊ किलो वजन उतरले. सहकाऱ्यांनी अभिनंदन केले, विजारी सैल झाल्या. पुढे दिवाळी आली, मग भाचीचे लग्न, मग परीक्षांचे दिवस. आणि वर्ष उलटण्यापूर्वी नऊचे दहा किलो होऊन परत आले. त्या वेळी मी दोष माझ्या मनोनिग्रहास दिला. आज वाटते, दोष निवडीच्या पद्धतीत होता. ज्या कर्जाचा पहिला हप्ता तेवढा पाहिला आणि मुदत पाहिलीच नाही, असे ते कर्ज होते.

पिष्टत्यागाचा मार्ग नवा नाही. विल्यम बँटिंग नावाच्या लंडनमधील एका अंत्यविधी व्यवस्थापकाने १८६३ साली एक छोटी पुस्तिका स्वखर्चाने छापली. पाव, साखर, बटाटे, बीअर सोडल्याने आपले वजन एका वर्षात सुमारे शेहेचाळीस पौंडांनी कसे घटले, याचे प्रांजळ वर्णन तीत होते. पुस्तिका इतकी गाजली की, इंग्रजीत त्यांच्या नावाचे क्रियापद झाले. पुढे ॲटकिन्स आले. २००३ साली त्यांचे निधन झाले आणि दोनच वर्षांनी, २००५ मध्ये, त्यांच्या नावाच्या कंपनीवर दिवाळखोरीचा अर्ज करण्याची पाळी आली. लाट आली तशी ओसरली. आज तीच कल्पना ‘कीटो’ या नावाने पुन्हा बाजारात आहे.

आता पुराव्याकडे वळू. २००३ साली अमेरिकेतील एका प्रयोगात सहा महिन्यांअखेर अल्पपिष्ट आहार घेणाऱ्यांचे वजन इतरांपेक्षा अधिक उतरलेले दिसले. बारा महिन्यांअखेर मात्र दोन्ही गटांतील फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. २००८ साली इस्रायलमध्ये ३२२ व्यक्तींवर झालेल्या दोन वर्षांच्या प्रयोगात अल्पपिष्ट गटाने सरासरी ४.७ किलो आणि अल्पस्निग्ध गटाने २.९ किलो वजन घटविले. २०१८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ प्रौढांना वर्षभर दोन गटांत विभागून पाहिले. अल्पपिष्ट गट सरासरी सहा किलोंनी उतरला, अल्पस्निग्ध गट ५.३ किलोंनी. हा फरक लक्षणीय नव्हता. उलट प्रत्येक गटाच्या आत माणसामाणसांत जो फरक पडला तो दोन गटांमधील फरकाच्या कितीतरी पट होता. कोणी भरघोस उतरले, तर कोणाचे वजन चक्क वाढले. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. या प्रयोगात दोन्ही गटांना साखर आणि मैदा टाळण्यास व भाज्या भरपूर खाण्यास सांगितले होते. म्हणजे यशाचे मोठे श्रेय कदाचित दोहोंत जे समान होते त्यालाच द्यावे लागेल.

मग आरंभीची ती झपाट्याची घट कोठून येते? शरीर यकृतात व स्नायूंत साखरेचा जो साठा करून ठेवते, त्याच्या दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणीही साठते. पिष्ट बंद केले की साठा संपतो, पाणी निघून जाते आणि काटा पहिल्या पंधरवड्यात आपली मनसोक्त स्तुती करतो. ही स्तुती चरबीची नसते, पाण्याची असते. त्यानंतरची घट मात्र खरी असते, कारण प्रथिनांनी पोट भरल्यासारखे वाटते व माणूस आपसूक कमी खातो. परंतु शरीरही स्वस्थ बसत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, वजन उतरल्यावर भूक वाढविणाऱ्या संप्रेरकांची जी उचल होते ती वर्ष लोटले तरी कायम राहते. सबब, वजन उतरविणे ही मोहीम असेल, पण उतरलेले वजन राखणे हा राज्यकारभार आहे. आणि मोहिमेच्या शिस्तीने कोणी वीस वर्षे राज्य करू शकत नाही.

येथे अर्थशास्त्राचा एक साधा नियम कामी येतो. कोणत्याही खर्चात कपात केली की पहिला प्रश्न हा की, त्याजागी काय आणले? भात गेला, हे अर्धे वाक्य झाले. त्याजागी तळलेले मांस, लोणी आणि चीज आले, की मोड आलेली मटकी, दही, अंडे आणि मासळी आली? २०१८ साली ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात पंधरा हजारांहून अधिक अमेरिकन प्रौढांचा प्रदीर्घ अभ्यास आला. निम्म्याच्या आसपास उष्मांक पिष्टातून घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी आढळले. फार कमी व फार जास्त, अशा दोन्ही टोकांना ते वाढलेले होते. पिष्टाची जागा प्राणिज पदार्थांनी घेतली तेथे धोका अधिक, वनस्पतिजन्य पदार्थांनी घेतली तेथे तो कमी, असेही त्यात दिसले. असे अभ्यास कार्यकारणभाव सिद्ध करीत नाहीत, हे मान्य. पण दिशा दाखवितात.

आपल्या ताटाला हे लावून पाहू. दिवसाला अठराशे उष्मांक खाणाऱ्या कारकुनाने ६२ टक्के पिष्टातून घेतले, तर त्याचे सुमारे २८० ग्रॅम होतात. हे प्रमाण ५० टक्क्यांवर आणले तर २२५ ग्रॅम. फरक ५५ ग्रॅमांचा. म्हणजे एक मध्यम पोळी आणि एक लहान वाटी शिजलेला भात. दिवसाकाठी चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, हा कचेरीतील सर्वसाधारण रिवाज धरला, तर या ५५ पैकी पस्तीस-चाळीस ग्रॅम केवळ कपातच विरघळलेले सापडतात. याउलट कीटोचा हट्ट धरला तर दिवसाची सारी मर्यादा दोन पोळ्यांत संपते. डाळ, दूध, फळ यांना जागाच उरत नाही. पहिली कपात आयुष्यभर निभणारी आहे. दुसरी बहुतेकांना पुढच्या गणेशचतुर्थीपर्यंतही निभत नाही.

काही गोड गैरसमजही दूर करावयास हवेत. गव्हाची पोळी टाकून ज्वारीची भाकरी घेतली म्हणजे पिष्ट सुटले, असे अनेकांना वाटते. ज्वारीत आणि गव्हात पिष्टाचे प्रमाण जवळपास सारखेच आहे. भाकरीचे अन्य गुण आहेत, हा नाही. उपवासाचा साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्टच. एकादशीस दुप्पट खाशी ही आपली म्हण त्याच्याइतकी कोणास लागू पडत नसेल. डाळीतही पिष्ट असते, पण सोबत प्रथिने व तंतू येत असल्याने तिला भाताच्या रांगेत बसविणे अन्यायाचे ठरेल.

निवड करणाऱ्याने स्वतःस तीन प्रश्न विचारावेत, असे मी सुचवीन. पाच वर्षांनी सणावारी, प्रवासात, पाहुण्यांच्या घरी मी हेच खात असेन काय? महिनाअखेरीस हा खर्च माझ्या पगारात बसेल काय? आणि हे रांधणार कोण? तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. घरातील कर्त्या पुरुषाने भात सोडला की त्याच्यासाठी निराळी भाजी, निराळे पनीर, निराळी वेळ, असा दुसरा स्वयंपाक घरातील स्त्रीच्या माथी येतो. माझ्या तीन महिन्यांच्या पराक्रमाचा जमाखर्च आज मांडतो तेव्हा त्यातील श्रमाचा रकाना माझ्या नावावर नव्हताच, हे मला लाजेने कबूल करावे लागते. जी योजना एकाच पातेल्यात, सर्वांसाठी शिजत नाही, ती टिकत नाही, आणि टिकूही नये.

येथे एक इशारा आवश्यक आहे. इन्शुलिन अथवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, मूत्रपिंडाचे विकार असणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून पिष्टत्याग करू नये. गोळी तीच आणि पोळी बंद, यातून रक्तातील साखर एकाएकी घसरण्याचा धोका संभवतो. पिष्ट घटविल्याने मधुमेहींची रक्तशर्करा सुधारते, याला चांगला आधार आहे. म्हणूनच तर औषधाची मात्रा त्याबरोबर बदलावी लागते.

तथापि हा प्रश्न केवळ व्यक्तीच्या निग्रहाचा मानून थांबता येणार नाही. उत्पन्न वाढत जाते तसा पिष्टमय धान्यांचा आहारातील वाटा घटतो, हा निष्कर्ष मेरिल बेनेट या अर्थशास्त्रज्ञाने १९४१ साली मांडला. आपल्याकडे खर्चाच्या वहीत तो खरा ठरला आहे. २०२२-२३ च्या उपभोग खर्च पाहणीत ग्रामीण कुटुंबाच्या खर्चात तृणधान्यांचा वाटा पाच टक्क्यांहूनही कमी उरलेला दिसतो, आणि पेये व प्रक्रिया केलेल्या खाद्यपदार्थांचा वाटा साडेनऊ टक्क्यांवर गेलेला. धान्य स्वस्त झाले, काही प्रमाणात फुकट झाले. पण ताटातून हलले नाही, कारण त्याची जागा घेणारे अन्न स्वस्त झाले नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील माणशी दरमहा पाच किलो धान्याचा हक्क दिला आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत झाले. १९७२ ची आठवण असणाऱ्या समाजाने या कायद्याचे मोल कमी लेखू नये. परंतु राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत तृणधान्यांचा वाटा ४५ टक्के उष्मांकांच्या आत ठेवण्यास सांगावे आणि शासनाने पिशवीत मात्र तृणधान्यच भरावे, ही विसंगती किती काळ चालणार? महाराष्ट्राने २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचे ठरविले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबविला. ज्या मुलास आज अंडे परवडत नाही म्हणून भातावर पोट भरावे लागते, त्यालाच चाळिशीत भात सोडण्याचा उपदेश करणे हा क्रूर विनोद होईल.

मी आज पुन्हा भात खातो, पूर्वीच्या निम्मा. चहा बिनसाखरेचा झाला आहे आणि घरात सर्वांसाठी एकच स्वयंपाक शिजतो, त्यात उसळ वाढली आहे. दोन वर्षांत पाच किलो उतरले. अभिनंदन कोणी केले नाही, कारण कोणाच्या ते लक्षातही आले नाही. परंतु ते पाच किलो अद्याप परत आलेले नाहीत. आणि माझ्या विषयाच्या भाषेत सांगायचे तर, मुदत ठेवीचे मोल व्याजाच्या पहिल्या महिन्यावरून ठरवायचे नसते.