काही होत नाही म्हणता, मग गाईचं काय करायचं ते सांगा



आधी वावराची नोंद. बेसा, मृग लागला. दोन सरी येऊन गेल्या, पण ढेकूळ फोडलं तर आत कोरडं ठणठणीत. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय सोयाबीनच्या पिशवीची शिवण उसवू नका. मागच्या वर्षी घाई केली त्यांनी दुबार पेरणी केली, हे विसरू नका. संत्र्याचा ताण मी अजून तोडला नाही.

आता आजचा मुद्दा. थोडा लांबचा वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा.

मे महिन्यात लग्नाच्या निमित्तानं बोईसरला जाणं झालं. पुतणी तिकडे दिली आहे. विहीणबाईंच्या घरामागं चिकूची दहा-बारा झाडं, दोन गाई, एक कालवड. तिथून तारापूरचं अणुऊर्जा केंद्र जवळच. सकाळी त्या धार काढत होत्या, मी चहा घेत बसलो होतो. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "भाऊ, तुम्ही शेतीचं लिहिता म्हणून विचारते. भोंगा वाजला तर आम्ही निघायचं, हे माहीत आहे. पण गाईंना सोबत न्यायचं की दावं सोडून द्यायचं?"

मले उत्तर देता आलं नाही. नागपूरला आल्यावर कृषी खात्यातल्या एका निवृत्त स्नेह्याला विचारलं. ते हसले. म्हणाले, "अरे, पन्नास वर्षं झाली त्या केंद्राला. काही होत नाही. तुम्हा कास्तकारांना चोवीस तास लाईन पाहिजे अन् वरून भीती पण पाहिजे."

या "काही होत नाही" वर मला बोलायचं आहे, कारण हे वाक्य मी स्वतः लय वर्षं बोललो आहे. माझ्या विहिरीबद्दल.

वडिलांनी विहीर बांधली 1971 साली. आत विटांचं बांधकाम. पाच-सहा वर्षांपूर्वी उत्तरेच्या अंगाला भेग दिसली. गवंडी म्हणाला, भाऊ, उन्हाळ्यात उपसून दुरुस्त करा. मी म्हणालो, पन्नास वर्षं टिकली, अजून एक पावसाळा काढीन. पुढच्या वर्षीही तेच म्हणालो. जुलै 2022 च्या पावसात रात्रीतून ती बाजू खचली. मोटारपंप, पाइप, सगळं विटांखाली. सकाळी आठ वाजता गडी फुटव्हॉल्व्ह साफ करायला उतरणार होता. देवाची कृपा म्हणा, माझी अक्कल त्यात काहीच नव्हती. काल टिकली म्हणून उद्या टिकेल, हा हिशेब नव्हता, नवस होता.

त्याच जुलै 2022 मध्ये आपल्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोराडीच्या औष्णिक केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला. राख लोकांच्या घरात, वावरात, अन् नाल्यातून कन्हान नदीत गेली. तिथल्या कास्तकारांनाही आधी कोणी तरी "काही होत नाही" म्हणालंच असेल. म्हणून कोळसा चांगला अन् अणू वाईट, असं मी म्हणत नाही. राख आपण नागपूरकर रोज खातो. अणुभट्टीतून धूर निघत नाही, हे खरं आहे. माझं भांडण विजेशी नाही, जुन्या वस्तूची तपासणी न दाखवण्याशी आहे.

आता तारापूरची गोष्ट. पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीनं उभ्या केल्या. 1969 च्या ऑक्टोबरात व्यावसायिक वीज सुरू झाली. म्हणजे माझ्या विहिरीपेक्षा दोन वर्षांनी मोठ्या. सुरुवातीला प्रत्येकी 210 मेगावॉट. पुढं वाफ तयार करणाऱ्या यंत्रणेच्या नळ्या गळायला लागल्या, ती यंत्रणा बाजूला काढावी लागली अन् क्षमता 160 मेगावॉटवर आणली. मोठे पाइप बदलायला 2020 पासून दोन्ही भट्ट्या बंद ठेवाव्या लागल्या. हे काम केलं, यासाठी तिथल्या इंजिनिअर लोकांना मी दाद देतो. मी माझ्या विहिरीला तेवढंही केलं नव्हतं. पण यातून एक गोष्ट तर सिद्ध झाली ना? ही वस्तू झिजते. मग "काही होत नाही" हे वाक्य कुठून आलं?

वर त्या भागातली जमीनही स्वस्थ नाही. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे शेकडो लहान धक्के बसले. फेब्रुवारी 2019 मधला एक चारच्या वर होता. लोक थंडीत घराबाहेर तंबूत झोपले. केंद्र एवढ्या धक्क्याला तोंड देईल असं बांधलं असेलही. पण गावकऱ्यानं विचारलं की पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी केलेला हिशेब आता पुन्हा तपासला का, तर तो देशद्रोही होत नाही. तो कास्तकार आहे. धुऱ्यावर भेग दिसली की आपण विचारतोच.

आता कृषी पदवीधर मित्रांनो, तुमच्यासाठी. जपानच्या फुकुशिमात 11 मार्च 2011 ला काय झालं ते माहीत आहे. तिथली एक नंबरची भट्टी 1971 ची, त्याच जनरल इलेक्ट्रिकची, तीही पाणी उकळणाऱ्या प्रकारातली. त्सुनामीचं पाणी शिरलं, जनरेटर बुडाले, भट्ट्या थंड ठेवता आल्या नाहीत. टीव्हीवर आपण स्फोट पाहिले. त्यानंतर शेतकऱ्यांचं काय झालं ते कोणी दाखवलं नाही, म्हणून सांगतो.

20 किलोमीटरच्या आतली माणसं उठवली. सुमारे 3,500 गुरं मागं राहिली. कित्येक दाव्याला बांधलेली उपाशी मेली. मे महिन्यात सरकारनं उरलेली गुरं मालकांच्या संमतीनं मारायचा आदेश काढला. विहीणबाईंचा प्रश्न येडा नव्हता, मंडळी. तो प्रश्न जपानच्या गोठ्यांत आधीच विचारला गेला होता, अन् त्याचं उत्तर हे असं मिळालं.

पुढं ऐका. जुलैमध्ये बाजारातल्या गोमांसात सिझियम सापडलं. ती गुरं उठवलेल्या भागातली नव्हती, दूरची होती. कारण काय? आदल्या हंगामाची भाताची तणस वावरात उघडी पडली होती. मार्चमध्ये तिच्यावर किरणोत्सर्गी कण पडले अन् तीच गुरांना घातली. आपलं कुटार कुठं असतं? उघड्यावरच ना?

सिझियम-137 चं अर्धं व्हायला 30 वर्षं लागतात. झाडाला ते पालाशासारखं दिसतं, मुळं ते पालाश समजून उचलतात. म्हणून फुकुशिमाच्या शेतकऱ्यांना 100 ग्रॅम मातीत किमान 25 मिलिग्रॅम पालाश राहील एवढं खत टाकायला सांगितलं. जमिनीत पालाश भरपूर असला की पीक सिझियम कमी उचलतं. वरची पाच सेंटिमीटर माती खरवडून काढली. 2012 पासून त्या प्रांतातलं तांदळाचं प्रत्येक पोतं यंत्राखालून घातलं, वर्षाला सुमारे एक कोटी पोती, 30 किलोचं एकेक. किलोला 100 बेकरेलच्या वर गेलं तर विक्री बंद. 2015 च्या पिकापासून एकही पोतं मर्यादेच्या वर गेलं नाही. म्हणजे शेती सावरता येते. पण शेतकऱ्याला काय करायचं हे माहीत पाहिजे अन् आकडे उघडे पाहिजेत. पालघर जिल्ह्यातल्या किती कृषी सहायकांना हा पालाशाचा उपाय कोणी शिकवला आहे?

आपल्याकडं आकडे उघडे करायची सवय नाही. 1962 च्या अणुऊर्जा कायद्यानंच माहिती रोखण्याचे अधिकार सरकारला दिले. नियामक मंडळ 1983 ला आलं, पण ते अणुऊर्जा आयोगाला उत्तर देणारं, अन् आयोगाचे अध्यक्ष म्हणजे अणुऊर्जा खात्याचेच सचिव. मापात पाप आहे का हे पाहणारा माणूस अडत्याच्याच पगारावर, तसं हे. कॅगनं 2012 च्या अहवालात यावर बोट ठेवलं. 30 वर्षं चाललेल्या केंद्रांसकट एकाही केंद्राची, ते मोडीत कसं काढायचं याची योजना तयार नाही, हेही त्याच अहवालात लिहिलं. स्वतंत्र प्राधिकरणाचं 2011 चं विधेयक 2014 मध्ये लोकसभेसोबत बाद झालं. डिसेंबर 2025 च्या नव्या कायद्यानं मंडळाला कायद्याचं स्थान दिलं. बरं झालं. पण कागदावरची ताकद बांधावर दिसली तर खरी.

मग मागणी काय? केंद्र उद्या बंद करा, असं मी म्हणत नाही. जुनं आहे म्हणून दाखवा, एवढंच.

एक. केंद्राभोवतीच्या 16 किलोमीटरच्या आपत्कालीन क्षेत्रातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दूध, भाजी, मासळी, विहिरीचं पाणी यांच्या तपासणीचे आकडे मराठीत लागले पाहिजेत. केंद्राजवळ पर्यावरण तपासणीची प्रयोगशाळा आहे, ती नमुने घेते. मग ज्या गोठ्यातून दूध नेलं त्या गोठ्याच्या मालकिणीला तिचा आकडा सांगायला काय हरकत?

दोन. दोन्ही जुन्या भट्ट्यांना मुदतवाढ कोणत्या तपासणीवर दिली, ते साध्या मराठीत छापा अन् ग्रामसभेत वाचून दाखवा.

तीन. सरावात गुरं, चारा अन् मच्छीमार बोटी यांचा विचार करा. आयोडीनच्या गोळ्या कुठं ठेवल्या आहेत, कोण वाटणार, हे आशाताईला पाठ पाहिजे. ती गोळी वेळेवर घेतली तरच कामाची.

चार. मोडीत काढायचा खर्च अन् योजना आजच सांगा. पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं तीन अन् चार नंबरच्या भट्ट्यांसाठी उठली. ज्यांनी जमीन दिली, त्यांना शेवट काय आहे हे ऐकायचा पहिला हक्क आहे.

यातली एकही मागणी विज्ञानाच्या विरोधात नाही. मातीपरीक्षणाचा अहवाल हातात घेऊन खत टाका, असं तुम्हीच आम्हाला शिकवलं ना, साहेब? तसाच अहवाल आम्ही मागतो आहे.

अन् नागपूरकरांनो, तारापूर दूर आहे म्हणून पान उलटू नका. कोराडी दूर नाही. प्रश्न तोच आहे. येत्या ग्रामसभेत राखेच्या बंधाऱ्यांच्या तपासणीचा अहवाल मागा, लेखी मागा, पोच घ्या.

विहीणबाईंना मी फोन करून एवढंच सांगितलं की हा प्रश्न तुमच्या ग्रामसभेत ठरावात लिहून घ्या. तोवर कुटार ताडपत्रीखाली ठेवा. त्या म्हणाल्या, "ताडपत्री घेतली, भाऊ. ठराव पुढच्या सभेत मांडते."

माझी विहीर या उन्हाळ्यात सिमेंटच्या रिंगा टाकून बांधून झाली. पाऊस आला की पाण्याची नोंद टाकतो.