दानाआधी दाम



गेल्या महिन्यात एका आप्तांकडे साखरपुड्याला गेलो होतो. जेवणे आटोपल्यावर त्यांचा पुतण्या मला बाजूला घेऊन बसला. वडिलांच्या पश्चात धान्याची पेढी आणि बाजाराबाहेरचे मोठे गोदाम तोच सांभाळतो. त्याचा चेहरा उतरलेला होता. खिशातून घडी घातलेला कागद काढून त्याने माझ्या हाती दिला. हमालांच्या संघटनेची ती नोटीस होती. हमालीचे दर वाढवून मिळाले नाहीत, तर १४ दिवसांनंतर गोदामातील काम बंद ठेवण्याचा विचार करावा लागेल, असे तीत लिहिले होते.

“काका, यांच्यासाठी आम्ही काय केले नाही?” तो म्हणाला. “दिवाळीला प्रत्येकाला कपडे देतो, मुलांना वह्या-पुस्तके देतो. मुकादमांच्या मुलीच्या लग्नात वडिलांनी निम्मा खर्च उचलला होता. आणि त्यांनीच आम्हाला नोटीस द्यावी?”

त्याची व्यथा खरी होती. आपल्यातील कितीतरी घरांचा चरितार्थ पेढी, गोदाम आणि वाहतूक यांवर चालतो, त्यामुळे हा प्रश्न उद्या कोणाच्याही ओसरीवर येऊ शकेल. त्याला जे सांगितले, तेच आज वाचकांपुढे ठेवतो.

गोदामातील काम बाहेरून साधे दिसते. ट्रक येतो, माल उतरतो, थप्पी लागते. मागणी आली की थप्पी मोडून माल पुन्हा गाडीत चढतो. हिशेब मात्र एकदा करून पाहावा. १६ टनांचा ट्रक म्हणजे ५० किलोची ३२० पोती. टोळीत आठ जण असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला ४० पोती येतात. एका ट्रकमागे एका माणसाच्या पाठीवरून दोन टन माल जातो. हंगामात दिवसाला असे तीन ट्रक आले, तर सहा टन. आमच्या लहानपणी पोते १०० किलोचे असे. ते ५० वर आले हे फार चांगले झाले. पण कण्यावरचा भार निम्मा झाला, तशा फेऱ्या दुप्पट झाल्या.

या कामाची मजुरी बहुधा पोत्यामागे ठरते. आवक असेल त्या दिवशी कमाई, आवक मंदावली की हात रिकामे. दर ठराविक मुदतीच्या कराराने बांधलेला असतो. मुदत संपून नवा करार लांबला, तर जुनाच दर पुढे चालत राहतो. महागाई म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. तूरडाळीचा भाव चढला हे ग्राहकाच्या आधी पेढीवर कळते. ज्या पोत्याचा भाव आपण नव्याने लिहितो, तेच पोते उचलण्याचा दर मात्र जुना राहतो. नोटिशीचे मूळ तेथे आहे.

एके काळी ही नोटीस देण्याचीही सोय नव्हती. हमाल कोणाचा नोकर, हेच कागदावर नसे. आज या पेढीवर, उद्या त्या पेढीवर. आजारी पडला तर घरी, म्हातारा झाला तर वाऱ्यावर. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली, मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडी कामगारांना संघटित केले आणि या धडपडीतून १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. या कायद्याखालील मंडळात कामगार, मालक आणि शासन या तिघांचेही प्रतिनिधी असतात. नोंदीत मालकाने मजुरी आणि तीवरील लेव्ही मंडळाकडे भरायची, मंडळाने ती कामगाराला पोचवायची. भविष्य निर्वाह निधी, उपदान, रजा, बोनस, औषधोपचार यांची तरतूद त्या लेव्हीतून होते. आपल्या बोलण्यात लेव्हीचा उल्लेख पुष्कळदा भुर्दंड म्हणून येतो. पाठीने कमावणाऱ्या माणसाची पाठ थकल्यावर त्याच्यापाशी दुसरे काय उरते, याचा विचार केला तर तो शब्द आपल्याच तोंडी अडखळेल.

भिवंडीच्या परिसरातील नव्या भव्य गोदामांत चित्र बदलले आहे. तेथे पोत्यांच्या जागी खोकी आहेत, हातात स्कॅनर आहे आणि पुष्कळ ठिकाणी मधे कंत्राटदार आहे. तेथील तरुणाला मालक कोण, हे पुन्हा ठाऊक नसते. पेढीवरचा हमाल निदान शेठला तोंडाने ओळखतो. ही ओळख मोठी ठेव आहे, ती रागाच्या भरात गमावू नये.

या संदर्भात मला नेहमी अहमदाबादची १९१८ सालची घटना आठवते. तो लढा गोदामाचा नव्हता, कापडगिरण्यांचा होता. पण मालक आपल्या समाजातले होते आणि वाद मजुरीचाच होता. प्लेगच्या साथीत कामगारांनी शहर सोडून जाऊ नये म्हणून गिरणीमालकांनी भरघोस बोनस दिला होता. साथ ओसरल्यावर तो बंद करण्याचे ठरले. महागाई मात्र ओसरली नव्हती. मालक २० टक्के वाढ द्यायला तयार होते. गांधीजींनी दोन्ही बाजूंची परिस्थिती अभ्यासून ३५ टक्क्यांची मागणी रास्त ठरवली. मालकांच्या बाजूने अग्रभागी होते जैन कुटुंबातील अंबालाल साराभाई, तर कामगारांच्या बाजूने उभ्या होत्या त्यांच्या सख्ख्या भगिनी अनसूयाबेन.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. काही वर्षांपूर्वी अस्पृश्य मानलेल्या कुटुंबाला आश्रमात घेतल्यामुळे गांधीजींना मिळणारी मदत थांबली होती. त्या वेळी याच अंबालालांनी गाजावाजा न करता १३,००० रुपये आश्रमाला दिले होते. ते ऋण गांधीजी विसरले नाहीत. पण मजुरीच्या प्रश्नात त्या ऋणाचे वजन तराजूत पडू दिले नाही. लढा तीन आठवडे चालला. कामगारांचा धीर सुटू लागला, तेव्हा गांधीजींनी उपवास धरला. त्या उपवासाचे दडपण मालकांवर आले, हा त्यातील दोष त्यांनी पुढे आत्मचरित्रात स्वतःच मान्य केला. अखेर दोन्ही पक्षांनी लवाद स्वीकारला आणि प्राध्यापक आनंदशंकर ध्रुव यांनी ३५ टक्क्यांचा निवाडा दिला. भाऊ-बहिणीचे नाते त्या लढ्यात तुटले नाही. १९२० साली मजूर महाजन संघ स्थापन झाला, तो वाद बोलून सोडवण्याच्या याच वाटेने जाण्यासाठी.

मी त्या तरुणाला म्हटले, “तुझ्या वडिलांनी लग्नाला दिले ते दान होते. ते त्यांचे पुण्य. हमाल मागतो आहे ते दाम आहे. दान आपल्या मनावर असते, दाम त्याच्या घामावर. एकाची पावती दुसऱ्याच्या खात्यावर जमा करता येत नाही. तू तर रोज कीर्द लिहितोस, हे तुला मी सांगावे असे नाही.”

श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत शिकलो. त्यांत अतिभारारोपण आहे आणि अन्नपाननिरोधही आहे. शेपटी पिरगाळून बैलाकडून जास्त ओझे ओढवू नये, त्याचे वैरणपाणी तोडू नये, असा अर्थ तेव्हा सांगितला गेला. अतिचार टाळायचा तो केवळ गोठ्यात, असे मात्र कोणी सांगितले नव्हते. पाठीवरचे ओझे तेवढेच आणि ताटातले अन्न दरवर्षी कमी, अशी स्थिती आपल्या गोदामात असेल, तर प्रतिक्रमणाच्या वेळी ती आठवायला हवी.

येथे मालकाचीही बाजू आहे. छोट्या व्यापाऱ्याचा नफा आज फार बारीक झाला आहे. मोठ्या कंपन्या थेट माल उचलतात, उधारी अडकते, पावसात माल भिजला तर नुकसान कोणी वाटून घेत नाही. हे हमालांना कळायला हवे. पण ते त्यांनी ओळखून घ्यावे अशी अपेक्षा कशी करायची? हिशेब उघडून दाखवला तर कळेल. कामगारांनीही नाशवंत माल दारात अडकवू नये आणि कामावर येऊ इच्छिणाऱ्यावर हात उगारू नये. न्याय्य मागणीची बाजू त्याने लंगडी होते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत औद्योगिक आस्थापनेतील संपाआधी १४ दिवसांची पूर्वसूचना सांगितली आहे. टाळेबंदी करू पाहणाऱ्या मालकालाही तीच अट आहे. बहुतेक मालक हे दिवस वकील आणि बदली टोळी शोधण्यात घालवतात. बदली टोळी आणली की थप्पी लागते, पण विश्वास मोडतो. मी त्याला सुचवले ते एवढेच: पहिल्या दोन दिवसांतच बोलावणे धाड. मुकादमांना आणि संघटनेच्या माणसांना पेढीच्या पायरीशी उभे करू नकोस, समोर खुर्ची दे. मागचा करार झाला तेव्हाचे आणि आजचे किराण्याचे भाव एका कागदावर मांड. ते तुझ्याच वह्यांत सापडतील. जमेल तेवढे स्पष्ट सांग, जमणार नाही तेही स्पष्ट सांग. जे ठरेल ते लेखी कर आणि पुढच्या दरवाढीची तारीख त्यातच घाल, म्हणजे पुन्हा नोटिशीची पाळी येणार नाही. अडलेच, तर दोघांनाही मान्य असा तिसरा माणूस बसवावा.

चार दिवसांनी त्याचा फोन आला. मुकादम आले होते. त्यांनी वहीचे एक पान आणले होते. त्यावर खोलीचे भाडे, गॅस, मुलाची फी, आईची औषधे असा महिन्याचा खर्च वळणदार अक्षरात लिहिलेला होता. बोलता बोलता याने दिवाळीच्या कपड्यांचा विषय काढला. मुकादम शांतपणे म्हणाले, “शेठ, कपडे आम्ही मानानेच घेतले. पण महिन्याचे भाडे कपड्याने भागत नाही.”

“त्यावर मला बोलताच आले नाही,” तो म्हणाला. दराचा आकडा अजून ठरलेला नाही. तीन बैठका झाल्या, चौथी सोमवारी आहे. मुदतीचे पाच दिवस शिल्लक आहेत. मात्र चौथ्या बैठकीला जाताना तो गेल्या तीन वर्षांच्या खतावण्या सोबत नेणार आहे, आणि वकिलांना त्याने तूर्त थांबायला सांगितले आहे.