दृष्टिरक्षणाचा पहिला उंबरठा



नेत्ररक्षणाचा विषय निघाला की आपणांस प्रथम शिबिरे आठवतात. मंडप, रांगा, तपासणी, चष्म्यांचे वाटप आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रातील छायाचित्र. शिबिरांचे महत्त्व आम्ही नाकारीत नाही. मोतीबिंदूचे असंख्य रुग्ण त्यांतूनच शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचले. परंतु शिबिर वर्षातून एक-दोन दिवसांचे, आणि आपला दवाखाना व औषधालय मात्र रोज उघडे असते. अंधत्वनिवारणाचे खरे कार्य या रोज उघडणाऱ्या दारातच व्हावयास हवे, असे आमचे मत आहे.

२०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार पन्नाशीपुढील अंधत्वात मोतीबिंदूचा वाटा ६६.२ टक्के होता. पन्नाशीच्या आतील चित्र मात्र निराळे आहे. तेथे प्रमुख कारण आढळले ते बुबुळावर पडणारे फूल, आणि त्याचे प्रमाण ३७.५ टक्के होते. हे कमावत्या वयाचे अंधत्व होय. आपल्या जिल्ह्याने त्याकडे विशेष लक्ष द्यावयास हवे, कारण आपला जिल्हा धानाचा आहे.

तुमसर-मोहाडीपासून पवनी-लाखांदूरपर्यंत दिवाळीच्या आगेमागे धानाची कापणी व मळणी चालते. लोंबीचे कुसळ किंवा तूस डोळ्यात जाते. शेतकरी डोळा चोळतो. कोणी त्यात दूध घालते, कोणी पाल्याचा रस पिळते. दोन दिवसांनी तो औषधालयात येऊन लाल डोळ्याचे थेंब मागतो. त्या थेंबांत स्टेरॉइड असेल तर लाली उतरते, वेदना शमते, आणि तो पुन्हा खळ्यावर जातो. धानासोबत आत गेलेली बुरशी मात्र त्याच थेंबांच्या आश्रयाने खोलवर पसरते. पुढे रुग्णालयात पोहोचेपर्यंत सव्रण शुक्राची अवस्था हाताबाहेर गेलेली असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीविना दिलेली ती एक बाटली एका कुटुंबाचा आधार हिरावून घेऊ शकते.

हे टाळता येते. नेपाळमधील भक्तपूर येथे प्रशिक्षित ग्रामीण कार्यकर्त्यांनी बुबुळाला ओरखडा पडलेल्यांना तातडीने प्रतिजैविक मलम दिले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, दुखापतीनंतर १८ तासांच्या आत उपचार सुरू झालेल्यांपैकी एकाच्याही डोळ्यात व्रण झाला नाही. तेथे उपयोगी पडले ते महागडे यंत्र नव्हे, तर वेळेवर झालेली तपासणी.

रुग्ण पुढे पाठविण्यात आपल्या शास्त्राचा कमीपणा आहे, असे काही बांधवांना वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. सुश्रुताचार्यांनी शहात्तर नेत्ररोग सांगताना साध्य, याप्य व असाध्य असा विवेक केला. कफज लिंगनाशासाठी शस्त्रकर्म सांगितले. आणि उपेक्षिलेला अधिमंथ काही रात्रींतच दृष्टी नष्ट करतो, असा इशारा दिला. काळाचे भान हा शास्त्राचाच आदेश आहे. मोतीबिंदू, काचबिंदू वा अंधत्व बरे करण्याच्या जाहिरातींना तर १९५४ च्या कायद्यानेच मनाई केली आहे. अशा जाहिरातीला भुलून रुग्णाने दवडलेली वर्षे, विशेषतः काचबिंदूत, परत मिळत नाहीत.

मग आपण करावे काय? दवाखान्यात सहा मीटर अंतरावर दृष्टितक्ता लावावा आणि चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा एकेक डोळा झाकून तपासावा. कारण एक डोळा अधू झाल्याचे दुसरा डोळा कळू देत नाही. आपल्याकडे नियमित येणाऱ्या मधुमेहींना वर्षातून एकदा दृष्टिपटलाची तपासणी करावयास लावावी. घरात कोणास काचबिंदू असल्यास आप्तांनाही तपासून घेण्यास सांगावे. “मोतीबिंदू अजून पिकला नाही” ही समजूत दूर करावी. राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत शासकीय रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते, हेही सांगावे. वृद्धासोबत जाणारे कोणी नसेल तर आशाताईंशी बोलावे. पुष्कळदा शस्त्रक्रिया तेवढ्यासाठीच अडून राहते.

डोळा दुखरा, लाल व धूसर असेल, किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल, तर अंजन, आश्च्योतन वा घरगुती काहीही न घालता रुग्णास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. औषधविक्रेते बंधूंना आमची विनंती एवढीच की, स्टेरॉइडयुक्त थेंब चिठ्ठीविना देऊ नयेत. “धान काढताना काही गेले का?” हा प्रश्न मात्र जरूर विचारावा.

२०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेने, खुपऱ्यांचा रोग भारतात सार्वजनिक आरोग्याची समस्या उरला नसल्याचे मान्य केले. एकेकाळी अंधत्वाचे मोठे कारण असलेला हा रोग औषधांसोबतच स्वच्छता व लोकजागृती यांमुळे हटला. फुलाचेही तसेच होऊ शकेल. येत्या मळणीपूर्वी प्रत्येक सभासदाने आपल्या उंबरठ्यापासून प्रारंभ करावा, ही आमची आग्रहाची विनंती.