होपफुली म्हणजे नक्की कोण?

मागच्या महिन्यातली गोष्ट. शुक्रवार संध्याकाळ, साडेसातचा कॉल. क्लायंटने विचारलं, मायग्रेशन कधी संपतंय? मी म्यूट काढला आणि पाढे म्हटल्यासारखं म्हणालो, "होपफुली बाय मंडे." सगळे खूश. मिनट्समध्ये नुसतं 'मंडे' गेलं. होपफुली वाटेतच गळालं.

टेस्ट डेटा आलेला नाही आणि बुधवारच्या आत येणं कठीण आहे, हे मला तेव्हाच माहीत होतं. मग सांगितलं का नाही? कारण होपफुली म्हटलं की खोटं बोलल्यासारखंही होत नाही आणि खरं सांगावंही लागत नाही. टीममधल्या ज्युनियर मुलीने साताऱ्याचं तिकीट रद्द केलं आणि शनिवार-रविवार ऑफिसात बसून काढले. डेटा बुधवारीच आला. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

असो. या शब्दावरून इंग्रजीवाल्यांनी पूर्वीच महाभारत करून झालंय. मूळ अर्थ 'आशेने'. कुत्रं आपल्या ताटाकडे होपफुली बघतं, त्याला कुणाची हरकत नाही. भांडण आहे ते अख्ख्या वाक्यावर छत्री धरणाऱ्या होपफुलीचं. १९६० च्या दशकात अमेरिकेत हा वापर फोफावला आणि शुद्धवादी खवळले. 'होपफुली, गाडी वेळेवर येईल' म्हणजे काय, गाडी मनात आशा घेऊन येणार का? असोसिएटेड प्रेसच्या स्टाइलबुकलाही हा वापर नामंजूर होता. तो मंजूर झाला थेट एप्रिल २०१२ मध्ये!

झाला ते योग्यच झालं, कारण आक्षेपात दम नव्हता. 'थँकफुली, पाऊस थांबला' म्हणताना पाऊस कुणाचे आभार मानत नसतो. सॅडली चालतं, फ्रँकली चालतं, मग एकट्या होपफुलीलाच का झोडपायचं?

माझी तक्रार व्याकरणाची नाहीच. आशा कोणाची, हे हा शब्द सांगत नाही. 'आय होप' म्हटलं की निदान तो 'आय' तरी समोर उभा असतो. त्याला विचारता येतं, का रे बाबा, कशाच्या जोरावर? होपफुलीत माणूसच नाही, विचारणार कुणाला? मित्राला 'होपफुली रविवारी भेटू' म्हटलं तर काही बिघडत नाही, त्याला आपण आळशी आहोत हे ठाऊक असतं. पण आपल्या उत्तरावर जिथे दुसऱ्याची सुट्टी ठरते, तिथे हा शब्द वापरणं म्हणजे शुद्ध पळपुटेपणा आहे. आणि आम्हाला सॉफ्ट स्किल्सच्या ट्रेनिंगमध्ये काय शिकवलं? 'मे बी' नका म्हणू, 'होपफुली' म्हणा, पॉझिटिव्ह वाटतं. धन्य!

आता कुणीतरी म्हणेल, बघा, आपली मराठी कशी सरळ. अजिबात नाही हो. आपल्याकडे 'होऊन जाईल' आहे. कोण करणार? कुणीच नाही, ते आपोआप होऊन जाणार. घरी आलेला प्लंबर तेच म्हणतो, सोसायटीचा सेक्रेटरी तेच म्हणतो. आम्ही कॉलवर तेच म्हणतो, फक्त हेडसेट लावून. त्यामुळे इंग्रजी सुधारून हा रोग जाणार नाही.

पुढच्या एका कॉलवर मी एकदाचं सांगून टाकलं, "डेटा आलेला नाही. बुधवारी आला तर शुक्रवारी देतो. नाही आला तर गुरुवारी सकाळी मी स्वतः कळवतो." पलीकडे पाच सेकंद शांतता. मग "ओके, थँक्स." बस्स, एवढंच? एवढ्यासाठी मी इतकी वर्षं घाबरत होतो?

कॉल संपल्यावर ती ज्युनियर डेस्कपाशी आली. "सर, या शनिवारचं तिकीट काढू का?"

"होप..." इथपर्यंत आलो होतो. मग म्हटलं, "काढ. काही आलंच तर मी बसतो."