तबकड्या विकण्याआधी एकदा ऐका आणि कानही तपासा

वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या काही कुटुंबांना २०२५च्या ऑगस्टमध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाताना माळ्यावरचे सगळे सामान खाली येते. काही घरांत त्यात रेकॉर्डचा गठ्ठाही निघतो. घर बदलणाऱ्या कुठल्याही जुन्या मुंबईकर कुटुंबात मग एकच चर्चा होते. कोणी म्हणते भंगारात द्या, कोणी म्हणते चोरबाजारात भाव येईल, तर नातवंडे म्हणतात, ‘सगळं मोबाइलवर आहेच की!’

या चर्चेत घरातल्या ज्येष्ठांचे मत बहुधा शेवटी विचारले जाते. माझे म्हणणे असे, की निर्णय घेण्याआधी त्यांच्यासोबत बसून हा सगळा संग्रह एकदा क्रमाने ऐकून काढावा. आरोग्याच्या सदरात हे सांगण्याचे कारण कानाशी आणि मेंदूशी संबंधित आहे.

आधी हिशेब करू. लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांची असते. १९४८ साली आलेल्या लाँग प्लेची एक बाजू २० ते २५ मिनिटे चालते. घरात शंभर लाँग प्ले असतील, तर सारा संग्रह ७० ते ८० तासांत संपतो. रोज एक तबकडी ऐकली, तर सव्वातीन महिने लागतात. एखादी दीर्घ मालिका पाहायला आपण याहून कितीतरी जास्त वेळ देतो.

आता कानाकडे वळू. आतल्या कानातील शंखाकृती भागात जन्मतः सुमारे १५ हजार केशपेशी असतात. त्या एकदा नष्ट झाल्या, की माणसात पुन्हा तयार होत नाहीत. वाढत्या वयात आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. भाषेतली ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ यांसारखी व्यंजने याच भागात मोडतात. म्हणून आजोबा म्हणतात, ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत.’ हा बदल इतका हळू होतो, की तो ज्याचा त्यालाच जाणवत नाही.

एकत्र रेकॉर्ड ऐकताना तो उघडा पडू शकतो. तबकडीची खरखर आणि टाळ-घुंगरांचा नाद यांत उंच पट्टीचा मोठा भाग असतो. नातीला खरखर त्रासदायक वाटते आणि आजी म्हणते, ‘किती स्वच्छ आहे गं!’ किंवा पूर्वी पाठ असलेल्या गाण्याचे शब्द ‘आता रेकॉर्ड झिजली’ म्हणून लागत नाहीत. झिजलेली रेकॉर्ड असेलही, पण कानही तपासून घ्यायला हवा. हे काही निदान नव्हे. खरे निदान कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे आणि ऑडिओमेट्रीत होते. कधी कधी कानात साचलेला मळ एवढेच कारण निघते. वरळीकरांना सागरी सेतूपलीकडे वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, इकडे नायर रुग्णालय आहे. चष्म्याचा नंबर काढतो तितक्याच सहजतेने साठीनंतर ही तपासणी व्हायला हवी.

याकडे दुर्लक्ष करणे महागात पडते. स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या जोखमींत ‘लॅन्सेट’च्या आयोगाने श्रवणदोषाचा समावेश केला आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ‘अचिव्ह’ चाचणीत सर्व सहभागींचा एकत्र विचार करता श्रवणयंत्राचा बौद्धिक ऱ्हासावर परिणाम दिसला नाही. मात्र ज्यांना आधीपासून जास्त धोका होता, त्या गटात तीन वर्षांतला ऱ्हास ४८ टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे श्रवणयंत्र ही जादूची कांडी नाही. पण ऐकू न आल्याने गप्पांतून, समारंभांतून आणि शेवटी घरातल्या बोलण्यातून अंग काढून घेणारा माणूस एकटा पडतो, हे सांगायला मोठ्या चाचणीची गरज नाही.

ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवत जाणे हा उपाय नाही. त्याने खर्जाचे सूर घुमतात, व्यंजने तशीच हरवलेली राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलला ४० तास ही सुरक्षित मर्यादा आहे. ९० डेसिबलला ती चार तासांवर येते. इयरफोन लावणाऱ्या नातवंडांनी हे आकडे आजोबांपेक्षा जास्त लक्षात ठेवावेत.

अमुक राग ऐकला की रक्तदाब उतरतो, तमुक रागाने मधुमेह बरा होतो, असले दावे मात्र मनावर घेऊ नयेत. गोळ्या चालूच ठेवाव्यात. संगीताचा खरा लाभ साधा आहे. तरुणपणी ऐकलेल्या गाण्यांना आठवणी घट्ट चिकटलेल्या असतात. गाणे लागले, की माणसे, गिरणीचा भोंगा, गणपतीतली जागरणे यांबद्दल बोलणे सुरू होते. शिवाय दर वीस मिनिटांनी बाजू बदलायला उठावे लागते. तासन् तास खुर्चीत बसणाऱ्यांसाठी हेही थोडके नाही.

खबरदारी दोनच. मुंबईच्या दमट हवेत वेष्टनांवर बुरशी धरते. दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांनी ती झटकू नये, इतरांनी मास्क लावून खिडकीपाशी पुसावी. आणि लाखेच्या तबकडीला स्पिरिट कधीही लावू नये. लाख त्यात विरघळते.

‘सगळं मोबाइलवर आहे’ हेही पुरते खरे नाही. मुंबईच्या ‘यंग इंडिया’ या कंपनीने १९३५ ते १९५५ या काळात हजारो ध्वनिमुद्रिका काढल्या. कंपनी बंद पडल्यावर त्या उरल्या त्या लोकांच्या घरांत. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सचे सुरेश चांदवणकर यांनी ब्रिटिश लायब्ररीच्या साहाय्याने संग्राहकांकडून त्या मिळवून त्यांचे डिजिटल जतन केले. असे जतन करतानाही तीन मिनिटांची तबकडी तीन मिनिटे वाजवावीच लागते. कोणीतरी ती शेवटपर्यंत ऐकावी लागते.

तबकड्या पुढेही टिकतील, निदान त्यांच्या प्रती तरी. त्या ऐकताना ‘हे गाणं मी अमक्याच्या लग्नात ऐकलं’ असे सांगणाऱ्या माणसाची प्रत निघत नाही. सामान बांधायच्या आधी त्यांना तीन महिने द्या. पहिल्या आठवड्यात कान तपासून घ्या, मग सुई ठेवा.